झांबियातलं ऊन कुठल्या अंगाने येतं

माझी पहिली पाळी साडेतीनला सुटायची. कारखान्याच्या फाटकापासून हायवेपर्यंत वीस मिनिटं चालत यायचं, टपरीवर चहा सांगायचा, तोवर चार वाजायचे. आणि चारला धाकट्या भावाचा फोन यायचा. माझे चार म्हणजे त्याचे साडेबारा. झांबिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. म्हणजे मी दिवस संपवून बाकड्यावर टेकलेला, आणि तो डाळिंबाच्या बागेत, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तो बोलायचा ताजा आणि मी ऐकायचो दमलेला. पुढे जे झालं त्याचं निम्मं कारण या दमण्यात आहे. उरलेलं निम्मं माझ्या तोऱ्यात आहे, तेही सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही. वडील अंगठा लावायचे. आईला बसची पाटी वाचता येत नाही, ती अजून कंडक्टरला विचारून चढते. आटपाडीपासून आत आमचं गाव. तिथून रोज एसटीने जाऊन येऊन मी भूगोलात बी.ए. केलं, पहिल्या वर्गात. पदवीचा कागद घरी चौकट करून भिंतीला लावलाय, तो मी नाही, धाकट्याने लावलाय. भूगोलावर नोकरी मिळत नाही हे नंतर कळलं. शिरवळला एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो, भाड्याच्या खोलीत राहिलो, आणि बारा वर्षं झाली, गाड्या भरून घेतोय. तरी कुणी शिक्षण विचारलं तर मी नुसतं ‘ग्रॅज्युएट’ म्हणत नाही, ‘भूगोल’ हेही सांगतो.

धाकट्याने दहावीनंतर शाळा सोडली आणि डाळिंबात शिरला. डाळिंबाचं असं असतं की बहार धरावा लागतो. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की झाड एकदम फुलतं. ताण कधी द्यायचा आणि कधी मोडायचा हे ज्याला कळलं, त्याला डाळिंब कळलं. धाकट्याला ते कळायचं. आमच्या भागातली माणसं बहार धरायच्या आधी त्याला बागेत घेऊन जात आणि तो दोन फांद्या वाकवून सांगे, ‘अजून आठ दिस थांबा.’

आमच्या कारखान्यात एक गृहस्थ लाकडी पॅलेट न्यायला यायचे. हायवेला त्यांची रोपवाटिका होती. त्यांनी भागीदारीत झांबियात जमीन घेऊन डाळिंब लावलं होतं, झाडं तीन वर्षांची झाली होती, आणि पहिला बहार धरायला त्यांना भरवशाचा माणूस पाहिजे होता. मीच म्हणालो, माझा भाऊ बघा. म्हणजे धाकटा तिकडे गेला तो माझ्या शब्दावर.

जायच्या आधी एका रविवारी मी घरी गेलो आणि पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आतल्या बाजूवर मार्करने आफ्रिका काढली. आई, धाकटा आणि शेजारची दोन माणसं भोवती बसली होती. आफ्रिका म्हणजे एकतर जंगल नाहीतर वाळवंट, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. मी सांगितलं, झांबिया दोन्ही नाही. दोन महाराष्ट्र मावून वर जागा उरेल एवढा देश, समुद्र कुठल्याच बाजूला नाही, आणि बहुतेक सगळं पठार. उंची आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडी कमी, पण घाट नाही, दरी नाही, नजर जाईल तिथवर सपाट. विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे महिने उलटे. आपल्याकडे दिवाळी झाली की तिथे पाऊस सुरू होतो, मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जून-जुलैत थंडी. आणि सगळ्यात कडक ऊन ऑक्टोबरात, पाऊस लागायच्या तोंडावर. तिथला ऑक्टोबर म्हणजे आपला मे समज, असं मी धाकट्याला म्हणालो. स्वेटर ने, असंही म्हणालो.

आईने विचारलं, ‘आफ्रिकंत थंडी असती व्हय?’

‘असते. उंचावर आहे ना.’

तिने शेजारणीकडे असं बघितलं, जणू ती थंडी मीच तयार केली होती.

धाकट्याने बॅगेत स्वेटर ठेवला आणि वर वीसेक जुन्या साड्या कोंबल्या. आमच्याकडे डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून झाडांवर जुन्या साड्या टाकतात. उन्हाळ्यात बागा बघाव्यात, गल्लीतल्या सगळ्या बायकांची दहा-पंधरा वर्षं ओळीने पसरलेली असतात. ‘तिकडं साड्या न्हाईत की,’ तो म्हणाला. विमानतळावर वजन जास्त भरलं, तेव्हा त्याने साड्या तशाच ठेवल्या आणि बॅगेतले बूट काढून पायात घातले, चपला टाकून दिल्या.

डिसेंबरच्या अखेरीस तो पोचला. धो धो पाऊस चालू होता. तांबडी माती, माणसाएवढी उंच वारुळं, आणि सखल भागात गुडघाभर गवतात साठलेलं पाणी, हे सगळं तो फोनवर दाखवायचा. मी जे जे सांगितलं होतं ते ते तसंच निघत होतं. पाऊस मार्चअखेर ओसरला. मी हिशेब मांडून दिला होता, पाऊस हटला की ताण दे, एप्रिलात पाणी सोड, म्हणजे ऑक्टोबरात, पावसाच्या आत, फळ हातात येईल. आपण पाऊस सरताना धरतो तो हस्त बहार, तोच तिथे मार्चात. झाडं फुलली. जूनमध्ये सकाळी पाण्याच्या पाइपावर दव गोठलेलं त्याने दाखवलं, अंगात तोच स्वेटर. ‘दादा, तू म्हनलास तसंच हाय समदं.’ तिथल्या कामगारांना तो सांगायचा, माझा भाऊ भूगोलातला ग्रॅज्युएट आहे, तो तिथे बसून इथलं सांगतो. हे ऐकून मला बरं वाटायचं. बारा वर्षांत पदवीचा कुणाला तरी पहिल्यांदाच उपयोग होत होता.

आता चुकीचं सांगतो.

जानेवारीत जमीन ओली होती, खड्डे सोपे जात होते, म्हणून धाकट्याने तेव्हाच सावलीच्या जाळीसाठी खांब रोवून घेतले. मालकांनी जाळी एका बाजूपुरतीच दिली होती. आपल्याकडे डाळिंब भाजतं ते दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या अंगाला. सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, तिकडची फळं चट्टा पडून तपकिरी होतात. तेव्हा त्याने खांब दक्षिणेला लावले आणि मला विचारलं. मी विचारलं, दुपारी सूर्य कुठे दिसतो? तो म्हणाला, ढग हटले की डोक्यावर, किंचित दक्षिणेला. मग झालं की, मी म्हणालो.

जूनमध्ये, जाळी बांधायच्या आधी, त्याचा फोन आला. त्या दिवशी आमच्याकडे दोन गाड्या उशिरा आल्या होत्या आणि मी सकाळपासून बसलो नव्हतो. तो म्हणाला, ‘दादा, हितं सूर्य उत्तरंला गेलाय. माझी सावली दक्षिनंला पडतीया, चांगली लांब. खांब चुकीच्या बाजूला हाईत का रं?’

मी चहाचा घोट घेऊन सांगितलं की उत्तरायण आहे, जाणारच. आपल्याकडेही मे-जूनमध्ये दुपारी तो डोक्यावरून जरा उत्तरेला जातो, ऑगस्टपर्यंत परत येतो. तिथेही येईल. खांब हलवू नकोस.

मग तो म्हणाला, तिथली एक म्हातारी बागेत कामाला आहे, तिला तो मावशी म्हणतो. तिने खांबांकडे बोट केलं, मग गालाखाली हात ठेवून झोपल्याची खूण केली. म्हणजे ती बाजू झोपायची, सावलीची. ती तिच्या शेंगा घराच्या उत्तरेच्या भिंतीशी वाळत घालते. दक्षिणेच्या भिंतीला शेंग वाळत नाही म्हणे.

‘तिला काय कळतंय?’ मी म्हणालो. ‘शाळा तरी बघितलीय का तिनं?’

हे वाक्य मी बोललो. माझी आई शाळा न बघितलेली, आणि आमच्या गावात पाऊस कुठल्या डोंगरावरून येणार हे लोक तिला विचारतात, तरी बोललो. धाकट्याने पुढे वाद घातला नाही. जाळी दक्षिणेला बांधली गेली. साड्याही तिकडेच टाकल्या.

ऑगस्टपर्यंत फळं मुठीएवढी झाली. तिकडे तेव्हा लोक माळाचं गवत पेटवतात, आभाळ धुरकट होतं, सूर्य लाल दिसतो, त्या धुरातही ऊन तापायला लागलं. सूर्य परत आला नाही. म्हणजे सरकत होता, पण दुपारी अजून उत्तरेलाच. धाकट्याने रोज सांगणं हळूहळू बंद केलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोटो आले. उत्तरेच्या अंगाची फळं, सगळ्या ओळींत, एका गालावर भाजल्यासारखी. तपकिरी, कडक, मधे तडकलेली. जाळीमागची फळं हिरवी गार, त्यांना ना ऊन ना रंग.

मी फोटो बघितले ते जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या आवारात उभा राहून. पायाशी माझी सावली होती, आखूड, उत्तरेकडे पडलेली. मी ती बघत राहिलो आणि मग सगळं सरळ दिसलं. आपण विषुववृत्ताच्या वर, तो खाली. आपल्याला सूर्य उत्तरेला भेटतो तो थोडेच दिवस. त्याला तो दक्षिणेला भेटतो थोडेच दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तो नेमका त्याच दिवसांत तिथे पोचला होता. बाकी सगळं वर्ष सूर्य उत्तरेला. मी पाऊस उलटा सांगितला, थंडी उलटी सांगितली, बहार उलटा करून दिला, आणि ऊन मात्र आटपाडीचंच ठेवलं. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी चारला मी फोन केला आणि चूक माझी आहे असं सांगितलं. तो म्हणाला, आत्ताच कळलं होय तुला, आणि हसला. हसणं फार लांब गेलं नाही. मालक दिवाळीआधी येणार होते. त्यांना फोटो गेले होते, आणि त्याने कळवून टाकलं होतं की खांब त्याच्या मनाने लावले, कुणाला विचारलं नाही. मालक म्हणाले होते, येतो तेव्हा बघू, तोवर तिकीट काढून ठेवायला लागेल असं दिसतंय. म्हणजे परत पाठवणार. आणि डाळिंबातला माणूस म्हणून गेलेला, पहिलाच बहार भाजून परत आला, हे आमच्या भागात पसरल्यावर त्याला कुणी बागेत बोलावणार नव्हतं.

मी म्हणालो, मी मालकांना भेटून सांगतो.

‘तू मधी पडू नको.’

‘का?’

‘माजं काय, मी म्हनीन चुकलं. शेतकरी चुकतोच. तुजं शिक्षान चुकलं म्हनून सांगितल्यावर आपल्या घरात ऱ्हायलं काय?’

 टपरीवाल्याने रिकामा कप उचलला, तरी मी तसाच बसलो होतो.

शनिवारी पाळी करून मी गावी निघालो. शिरवळहून सातारा, तिथून विटा, तिथून आटपाडी, पुढे वडापची जीप. प्रत्येक ठिकाणी उभं राहायचं, गर्दीत चढायचं. खिडकीतून ऊस संपत जातो, मग माळ सुरू होतो, मग बाभळी. पोचलो तेव्हा आई चुलीपुढे भाकऱ्या करत होती. मी पाटावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, खांब, सूर्य, ती मावशी, माझं बोलणं. धाकटा काय म्हणाला तेही सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली.

मग म्हणाली, ‘त्या बाईला त्यानं इचारलं, आन् तू न्हाई म्हनलास?’

‘व्हय.’

‘मग तूच सांगून ये की त्या मालकाला. तुजी चूक त्याच्या गळ्यात किती दिस?’

भाकरी उलटली आणि तिने पुढचा गोळा थापायला घेतला. त्या रात्री तिने हा विषय परत काढला नाही. सकाळी निघताना फक्त विचारलं, तो तिकडं नीट जेवतो का.

रविवारी परत येताना मी शिरवळच्या आधीच उतरून रोपवाटिकेत गेलो. मालक खुर्ची टाकून बसले होते, दोन माणसं ट्रेमध्ये रोपं लावत होती. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले. मी उभ्यानेच सुरुवात केली, बसलो असतो तर सांगणं लांबलं असतं. खांब कुठे लावायचे हे भावाने मला विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा त्याला बरोबर दिसलं होतं, मी त्याला चुकीचं पटवलं. तो तुमच्याशी खोटं बोललाय, माझ्यासाठी.

मालकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

‘तुमी ग्रॅज्युएट ना?’

‘हो. भूगोल.’

‘आवं, मग भूगोलवाल्याला सूर्य कुठं उगवतो ते ठावं न्हाई व्हय?’

रोपं लावणाऱ्या माणसांपैकी एकजण हसला. मी म्हणालो, उगवतो ते ठाऊक होतं, दुपारी कुठे असतो ते चुकलं. आणि मला ठाऊक नव्हतं असंही नाही, मी विचार केला नाही. दमलेलो होतो आणि तो मला विचारतोय याचा मला माज होता. एवढं एका दमात बोलून मग मी बसलो. मालकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

नंतर ते बराच वेळ दुसरंच बोलत राहिले. पंपाला तिथे वीज कमी मिळते, मागच्या वर्षी पाऊस हुकला, धरण खाली गेलं, सगळा देश त्या एका धरणाच्या विजेवर, असं काहीबाही. मी ऐकत होतो. शेवटी म्हणाले, ‘नवा मानूस धाडला तर त्यो परत एक वरीस शिकनार. तुमच्या भावाला आता तिथलं ऊन कळलंय, हुबी बाग भाजून कळलंय. ऱ्हाऊ दे त्याला.’ मग बोट वर करून म्हणाले, ‘पर एक. तुमाला फोन करून बाग चालवायची न्हाई. इचारायचं तर तिथल्या मानसाला.’

बरोबर आहे, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

धाकट्याला मी सांगितलं तेव्हा तो रागावला. मधी पडू नको म्हणालो होतो ना, म्हणाला, आणि फोन ठेवला. पुढचे दोन महिने चारला फोन वाजला नाही. मी तरी टपरीवर बसायचो, सवयीने. आईला तो रविवारी फोन करायचा, तिच्याकडून मला कळायचं की मालक जाऊन आले, जाळीमागची अर्धी फळं उशिरा का होईना निघाली, पाऊस लागला, खांब उपटले. नवे कुठे रोवायचे ते मावशीने उभं राहून दाखवलं, आणि त्याने तिच्या पायांच्या खुणांवर खांब रोवले. हे आईने हसत सांगितलं. ती मावशी कशी दिसते, किती वर्षांची आहे, तिला लेकरं किती, हे सगळं आईला आता माहीत आहे.

पुढे फोन परत सुरू झाले, पण रोज नाही, आणि तो विचारत काही नाही. तो सांगतो. ताण किती दिला, सकाळी किती गारवा होता, वारुळाची माती खड्ड्यात घातली तर झाड कसं धरतं. पुढच्या बहाराला जाळी उत्तरेला होती आणि फळ चांगलं निघालं. ते त्याने एका वाक्यात सांगितलं आणि मीही एका वाक्यात ऐकलं. मी आता एकदम पुस्तकातलं काही बोलत नाही. जिभेवर येतं, मी चहा पितो.

परवा पाळी सुटल्यावर त्याचा फोन आला. तिकडे आभाळ भरून आलं होतं, मागून पत्र्यावर वाऱ्याचा आवाज येत होता. मी विचारलं, तिथे पावसाचे ढग कुठून येतात रे, ईशान्येकडून की वायव्येकडून? पुस्तकात दोन्ही दिलं होतं, ते मला पाठ होतं. पण तो जिथे उभा होता तिथे कुठून, हे मला खरंच माहीत नव्हतं.

‘थांब,’ तो म्हणाला, ‘मावशीला इचारून सांगतो.’

फोन तसाच चालू ठेवून तो चालत गेला. मी कानाला लावून बसून राहिलो.